सुझान लेंग्लेन : रुमालावर नेम धरून शिकलेली टेनिसपटू



मे महिन्याच्या अखेरीस टीव्हीवर फ्रेंच ओपन टेनिस सुरू झाली की पॅरिसच्या रोलाँ गॅरो मैदानावरच्या एका मोठ्या कोर्टाचे नाव तुमच्या कानावर पडत असेल, सुझान लेंग्लेन. महिला एकेरी जिंकणाऱ्या खेळाडूच्या हाती जो चषक देतात, त्यालाही हेच नाव आहे. मुले विचारतात, या कोण होत्या? म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊया. खेळाडू म्हणून तर त्यांची गोष्ट मोठी आहेच, पण मला वाटते आपण पालक-शिक्षकांनी ती जरा वेगळ्या नजरेने वाचावी.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील शार्ल यांच्या घरचा घोड्यांच्या बसगाड्यांचा व्यवसाय होता. पुढे तो विकून ते आरामात राहू लागले. हिवाळ्यात कुटुंब नीस या समुद्रकाठच्या गावी जाई. सुझान तब्येतीने नाजूक, तिला दम्याचा त्रास. मोकळ्या हवेत खेळली तर बरी होईल, म्हणून १९१० साली वडिलांनी तिला एक रॅकेट आणून दिली. तेव्हा ती ११ वर्षांची होती.

आता गंमत बघा. शार्ल स्वतः काही मोठे टेनिसपटू नव्हते. पण नीसच्या क्लबात चांगले खेळाडू यायचे, ते कोर्टाशेजारी बसून त्यांचा खेळ निरखत. त्यांच्या लक्षात आले की त्या काळच्या बायका बेसलाइनवर उभ्या राहून चेंडू नुसता परतवत राहतात, पुरुष मात्र धावतात, पुढे जाळ्याजवळ येतात, चेंडू हवेतच मारतात. मग माझ्या मुलीने पुरुषांसारखे का खेळू नये? त्यांनी तिला पुरुषांबरोबरच सरावाला उभे केले. कोर्टावर हातरुमाल पसरून ठेवायचा आणि तिने चेंडू नेमका त्यावर पाडायचा. जमले की रुमालाची घडी घालून तो आणखी लहान करायचा, आणि जागा बदलायची. तासन्‌तास हेच. शिकवण्याची पद्धत म्हणून पाहिली तर ती नामी आहे. लक्ष्य डोळ्यांसमोर, चूक लगेच कळते आणि अवघडपणा पायरीपायरीने वाढतो.

पण त्याला दुसरी बाजूही होती. मुलगी चुकली की हे गृहस्थ चारचौघांत तिच्यावर ओरडत. सामना चालू असताना काठाला बसून तिच्या प्रत्येक फटक्यावर त्यांची नजर असे. जिंकणे हीच घरातली एकमेव मान्य गोष्ट होती.

फळ लवकर आले. १९१४ मध्ये, पंधरावे वर्ष पुरे होऊन काही दिवसच झालेले असताना, तिने जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली. लगेच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या.

१९१९ साली ती विम्बल्डनला पहिल्यांदा उतरली. अंतिम सामना सात वेळच्या विजेत्या डोरोथिआ लँबर्ट चेंबर्स यांच्याशी. त्यांचे वय ४०, हिचे २०. प्रेक्षकांत राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी. लँबर्ट चेंबर्स घोट्यापर्यंतचा झगा आणि लांब बाह्यांचा पोशाख घालून आल्या होत्या. सुझानचा झगा पोटरीपर्यंत, बाह्या आखूड आणि आत कॉर्सेट नाही! काहींना तो धक्काच बसला. पण तुम्हीच सांगा, कंबर आवळून कोणी धावेल का? तिसऱ्या सेटमध्ये लँबर्ट चेंबर्स विजयापासून एका गुणावर होत्या, तेही दोनदा. पहिल्या वेळी सुझानच्या रॅकेटच्या लाकडी कडेला लागलेला चेंडू कसाबसा जाळ्यापलीकडे पडला. शेवटी १०-८, ४-६, ९-७ असा सामना तिने जिंकला. मधल्या काळात वडिलांनी दिलेली ब्रँडी घेऊन ती उभी राहत होती, हेही विसरू नका.

पुढची यादी भरभर सांगते. विम्बल्डन एकेरी सहा वेळा, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके, आणि तिथे एकेरीच्या सगळ्या सामन्यांत मिळून फक्त चार गेम गमावले. तिला बघायला एवढी गर्दी होऊ लागली की विम्बल्डनला जुनी जागा अपुरी पडली आणि १९२२ मध्ये स्पर्धा नव्या, मोठ्या मैदानावर गेली.

युद्धानंतर एकेरीत ती एकदाच हरली, १९२१ मध्ये अमेरिकेत. बोटीचा लांबचा प्रवास, आजारपण, वडील सोबत नाहीत. मॉला मॅलरी यांच्याविरुद्ध पहिला सेट गेल्यावर ती खोकत, रडत कोर्ट सोडून गेली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हरायचे कसे, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तिने मॅलरींना ६-२, ६-० असे हरवले, तो भाग वेगळा.

१९२६ हे वर्ष मात्र नीट समजून घ्यायला हवे. फेब्रुवारीत कान येथे तिने अमेरिकेच्या हेलन विल्स हिला ६-३, ८-६ हरवले. तिकिटे मिळेनात म्हणून लोक झाडांवर आणि छपरांवर चढले होते. त्याच वर्षी विम्बल्डनला सामन्याची वेळ बदलली, तिच्यापर्यंत तो निरोप नीट पोचला नाही आणि राणी मेरी वाट पाहत बसल्या. राणीचा अपमान केला म्हणून गहजब झाला. सुझानने स्पर्धाच सोडली.

आणि मग तिने अमेरिकन आयोजक सी. सी. पाइल यांच्याशी करार करून ५०,००० डॉलर घेतले. त्या काळी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. बक्षिसाची रक्कम नाही, उलट प्रवेश फी खेळाडूनेच भरायची, आणि तिकिटांचे उत्पन्न क्लबांकडे. टेबलाखालून काहींना पैसे मिळत, पण उघडपणे घेतले की दारे बंद! सुझानचा प्रश्न साधा होता. माझा खेळ बघायला लोक पैसे मोजतात, तर त्यातले मला का मिळू नयेत? आणि पैसेवाल्या घरात न जन्मलेल्या खेळाडूने खेळायचे तरी कसे? तिच्या वडिलांची तब्येत आणि पैसा दोन्ही तोवर उतरणीला लागले होते, त्यामुळे हा प्रश्न तिच्या घरातलाच होता.

ऑक्टोबर १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला दौरा सुरू झाला. तिने मेरी ब्राउन हिच्याशी एकूण ३८ सामने खेळले आणि सगळे जिंकले. पण विम्बल्डनसह हौशी स्पर्धांची दारे तिला कायमची बंद झाली. थोड्याच काळात तिने स्पर्धात्मक खेळ थांबवला. व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डन खुले झाले ते १९६८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी.

वडील १९२९ मध्ये वारले. पुढे सुझानने पॅरिसमध्ये टेनिसचे वर्ग सुरू केले आणि फ्रेंच टेनिस महासंघानेही त्यांना पाठबळ दिले. रुमालावर नेम धरून शिकलेली ही बाई आता दुसऱ्यांच्या मुलींना रॅकेट धरायला शिकवत होती. हे काम फार दिवस चालले नाही. ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, रक्ताच्या आजाराने त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.