तेरचे वैभव ओळखणारे कझिन्स

सातवाहनकाळात तलम कापडासाठी रोमन जगाला ठाऊक असलेले तगर नगर पुढे विस्मृतीत गेले. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच तगर, हे १९०१ मध्ये फ्लीट यांनी मांडले. त्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे हेन्री कझिन्स (१८५४-१९३३) तेरला आले. विजापूरच्या वास्तूंचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. निजामी मुलखातील या खेड्यात त्रिविक्रमाचे मंदिर नित्य पूजेत होते. त्याचे विटांचे गजपृष्ठाकार छप्पर पाहून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे त्यांनी ओळखले. १९५८ च्या उत्खननाने नगराच्या प्राचीनत्वाला दुजोरा दिला. मंदिर भाविकांनी जपले. त्याचे वय मात्र कझिन्स यांच्या नजरेने जगाला कळले.