मंत्रालयाजवळच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्या जगन्नाथराव भोसलेंनी मजुरांना अन् निर्वासित पोरांना कवायतीला उभं केलं

भाईंदर पश्चिमेचं नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान मिरा-भाईंदरमध्ये सगळ्यांनाच माहीत आहे. याच भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडून कित्येक जण रोज मंत्रालय, नरिमन पॉइंटला कामाला जातात. तिथे मंत्रालयाच्या शेजारी, यशवंतराव चव्हाण सेंटर ज्यावर आहे, त्या रस्त्याचं नाव जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग.

मैदानावरचं नाव आणि रस्त्यावरचं नाव, ही दोन्ही माणसं एकाच फौजेतली. नेताजी आझाद हिंद सेनेचे सर्वोच्च सेनापती होते आणि भोसले त्यांचे चीफ ऑफ स्टाफ. नेताजींना सगळे ओळखतात, भोसलेंचं नाव मात्र पत्त्यापुरतं उरलंय.

खरंतर या माणसासमोर आयुष्यभर एक अवघड प्रश्न उभा होता. सगळ्यांची ताकद सारखी नसताना सगळ्यांना एकत्र तयार कसं करायचं?

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म 1906 सालचा, सावंतवाडीजवळच्या तिरोडे गावातला. त्या काळात भारतीय माणसाला लष्करात अधिकारी होणं सोपं नव्हतं. इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये भारतीयांसाठी मोजक्याच जागा असायच्या. भोसले डेहराडूनच्या लष्करी कॉलेजातून सँडहर्स्टला गेले आणि 1928 साली अधिकारी झाले. पुढे लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचले.

ज्या फौजेत ते घडले, तिची पद्धत सरळ होती. आधी चाळणी लावायची. उंची मोजायची, छाती मोजायची, ठरावीक भागांतली, ठरावीक समाजांतली धडधाकट पोरं निवडायची. मग त्यांना महिनोन् महिने रेजिमेंटच्या केंद्रात घासून तयार करायचं. दारातच निवड झाल्यामुळे आतला प्रत्येक जण साधारण एका मापाचा असायचा. त्यामुळे एकच वेळापत्रक सगळ्यांना चालून जायचं.

ही सोय संपली 1942 साली.

15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. दोनच दिवसांत फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे 45 हजार भारतीय सैनिक जपान्यांच्या ताब्यात देण्यात आले. याच युद्धकैद्यांमधून कॅप्टन मोहन सिंग यांनी पहिली आझाद हिंद सेना उभी केली. तिच्यात गांधी, नेहरू, आझाद अशा गनिमी रेजिमेंट होत्या आणि त्यांच्या जोडीला हिंदुस्तान फील्ड फोर्स. या फील्ड फोर्सची कमान भोसलेंकडे आली.

वर्ष संपायच्या आत मोहन सिंग आणि जपानी यांच्यात बिनसलं. मोहन सिंगांना अटक झाली आणि सेना मोडल्यातच जमा झाली. 1943 च्या सुरुवातीला ती पुन्हा सावरली गेली, तेव्हा मिलिटरी ब्युरोचे संचालक म्हणून भोसलेंना नेमण्यात आलं. जनरल स्टाफ, लष्करी सचिवाचं काम आणि अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण विद्यालय असे विभाग या ब्युरोखाली होते. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल, हबीबुर रहमान ही पुढे गाजलेली नावं तेव्हा याच रचनेत काम करत होती.

जुलै 1943 मध्ये नेताजी सिंगापूरला आले. त्यांनी आग्नेय आशियातल्या भारतीयांकडे 3 लाख सैनिक मागितले.

इथे चित्रच पालटलं. आतापर्यंत सेनेत कसलेले सैनिक होते. आता मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर नाव नोंदवायला लागले. त्यांच्यासोबत दुकानदार आले, कारकून आले, शाळा-कॉलेजातली पोरं आली. ऑक्टोबर 1943 मध्ये तर डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशी राणी रेजिमेंटचं शिबिर सुरू झालं आणि मुलींनी खांद्यावर रायफल घेतली.

ही सक्तीची भरती नव्हती, लोक आपणहून येत होते. पण अडचण सक्तीच्या भरतीत येते तीच होती. येईल त्याला घ्यायचं आणि त्याचा सैनिक करायचा. मळ्यावरचा मजूर कष्टाला तयार, पण त्याने कधी बंदूक धरलेली नाही. कारकुनाला लिहिता-वाचता येतं, पण पाठीवर ओझं घेऊन मैलभर चालायची सवय नाही. त्यात हुकूम हिंदुस्तानीत आणि मजुराची भाषा तमिळ. म्हणजे आधी सावधान-विश्राम समजून घ्यायचं, मग ते करायचं.

सगळ्यांना एकाच मापाने पळवलं तर काय होतं, हे लष्करी डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. 1855 साली प्रशियाच्या लष्करातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली. पुढे एक्स-रे आले, तेव्हा कळलं की पायाची हाडं बारीक तडकतात. याला नाव पडलं मार्च फ्रॅक्चर.

कारण साधं आहे. व्यायाम सुरू केला की दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडांना मात्र नव्या ओझ्याला सरावायला जास्त वेळ लागतो. पोरगं ताजंतवानं दिसतं, म्हणून अंतर वाढवलं जातं आणि नेमकं तेव्हाच हाड साथ सोडतं. त्यातही रांगेत एकाच लयीत, एकाच लांबीचं पाऊल टाकायचं असतं. बुटक्या माणसाला प्रत्येक पावलाला ताणून चालावं लागतं. एकच पळ कुणासाठी नुसता घाम काढणारा असतो, तर कुणाला दवाखान्यात पोचवणारा.

म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने कमी पडणाऱ्या रंगरुटांसाठी वेगळी शारीरिक विकास केंद्रं चालवली. त्यांना घरी पाठवण्यापेक्षा आधी अंगात ताकद आणायची आणि मग पलटणीत पाठवायचं, असा हिशेब होता.

आझाद हिंद सेनेकडे असली चैन नव्हती. वेळ कमी होता. हत्यारं आणि औषधं अपुरी होती. 21 ऑक्टोबर 1943 ला आझाद हिंद सरकार स्थापन झालं. त्यात लष्कराच्या प्रतिनिधींपैकी एक भोसले होते. पुढच्याच वर्षी सेना इंफाळच्या दिशेने गेली. तिथे गोळीइतकंच उपासमारीने, मलेरियाने आणि हगवणीने माणसं गमावली. प्रशिक्षण कितीही चांगलं असलं तरी पोटात अन्न नसेल तर ते पुरत नाही, हा धडा फार महागात पडला.

1945 मध्ये युद्ध संपलं, भोसले ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि 1946 मध्ये सुटले.

बहुतेकांची गोष्ट इथे संपते. भोसलेंच्या आयुष्यात मात्र तोच प्रश्न परत आला, यावेळी मुलांच्या रूपात.

1952 च्या पहिल्या निवडणुकीत ते रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसचे खासदार झाले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. फाळणीत घरदार गमावलेल्यांचं हे खातं. दिल्लीच्या लाजपतनगरात कस्तुरबा निकेतन नावाचं निर्वासित स्त्रिया आणि मुलांचं वसतिगृह होतं. जुलै 1954 मध्ये भोसलेंनी तिथल्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, सामुदायिक व्यायाम, समूहगीतं, देशाच्या इतिहासातल्या गोष्टी असा हा कार्यक्रम होता.

ही मुलं निवडून आणलेली नव्हती. आबाळ झालेली, वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या ताकदीची होती. त्यांच्यातून सैनिक घडवायचे नव्हते, त्यामुळे चाळणी लावायचा प्रश्नच नव्हता. जे पोरगं समोर उभं आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करायची होती. पंतप्रधान नेहरूंना हा प्रयोग आवडला. योजना इतर शाळांमध्ये गेली, पुढे शिक्षण मंत्रालयाकडे आली आणि आझाद हिंद सेनेतले कित्येक जुने सैनिक तिच्यात प्रशिक्षक झाले.

योजनेवर टीकाही झाली. शाळेत आधीच पीटीचा तास आहे, एनसीसी आहे, मग हे तिसरं कशाला, हा सवाल होता. शेकडो मुलं एका ठेक्यावर हात वर करतात तेव्हा दिसायला छान दिसतं, पण मागच्या रांगेतलं दमलेलं पोरगं त्यात दिसेनासं होतं, हा सामुदायिक कवायतीचा जुनाच दोष. या सगळ्या योजनांचा मेळ घालायला पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली 1959 मध्ये समिती नेमली गेली.

1963 साली भोसलेंचं निधन झालं. चीनच्या युद्धानंतर त्याच वर्षी कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. सगळ्यांना एकाच वेळी मैदानात उतरवणं झेपेना, म्हणून 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. भोसलेंची योजनाही 1965 मध्ये राष्ट्रीय सुदृढता दलात विलीन झाली.

ज्या सिंगापुरात भोसलेंसमोर मजूर आणि कारकून एकाच रांगेत उभे राहिले, तिथे 1967 पासून तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे. आज तिथे रंगरुटाची आधी चाचणी होते. जो कमी पडतो त्याला जास्त आठवड्यांचं प्रशिक्षण मिळतं, वजन जास्त असलेल्यांचा गट वेगळा असतो. शेवटी सगळे सैनिकच होतात, फक्त कुणाला वेळ कमी लागतो, कुणाला जास्त.

आपल्याकडे पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. घड्याळ सगळ्यांना सारखंच, कारण ती चाळणी आहे. पण त्याआधीचे सहा महिने प्रत्येकाचे सारखे असायची गरज नाही. पहिल्या दिवशी अर्ध्यात थांबणाऱ्याने शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलायचं नसतं, स्वतःच्या कालच्या अंतरात थोडी भर घालायची असते.