भारतीय सर्कशीचे जनक : विष्णुपंत छत्रे

हुबळी-धारवाडात सर्कशीचा तंबू लागला की आपण मुलाबाळांना घेऊन हौसेने जातो. पण भारतीय सर्कशीचा पाया आपल्या शेजारच्या सांगली-कुरुंदवाड भागातल्या एका मराठी माणसाने घातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही कै. विष्णुपंत छत्रे यांचे स्मरण करीत आहोत.

विष्णुपंतांचा जन्म १८४० सालचा, सांगलीजवळच्या अंकलखोपचा. त्यांना दोन नाद होते, घोडा आणि गाणे. या दोन्हींसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे ते अश्वविद्या शिकले आणि हद्दू खाँसाहेबांकडे गाणे. पुढे कुरुंदवाड संस्थानात त्यांच्याकडे पागेची जबाबदारी आली. बेफाम घोडा वठणीवर आणणारे चाबूकस्वार म्हणून त्यांचा लौकिक होता.

त्या सुमारास मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस आली. हिंदी लोकांना असे खेळ जमायचे नाहीत, असा त्याचा तोरा होता. विष्णुपंतांना ही गोष्ट लागली. कुरुंदवाडकर अधिपतींच्या आश्रयाने त्यांनी माणसे आणि जनावरे तयार केली आणि १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. कालचा नोकर स्वार आज मालक झाला. पण मालक झाल्यावरही ते स्वतः घोड्यावरची कामे करीत. त्यांच्या पत्नीही झुल्यावरच्या कसरती करीत, असे सांगतात. त्या काळात हे धाडस लहान नव्हते.

सर्कस केरळात तलश्शेरीला गेली, तेव्हा तेथील कसरतपटू कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी विष्णुपंतांचा संबंध आला. पुढे कुन्हिकण्णन यांनी सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि केरळ हे सर्कस कलावंतांचे माहेरघर झाले.

आता आपल्या गावाशी असलेला धागा सांगतो. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ हे अलौकिक गायक, पण व्यसनापायी हलाखीत दिवस काढीत होते. विष्णुपंतांनी गुरुपुत्राला आपल्याजवळ आणले, सांभाळले आणि त्यांच्या मैफली घडवून आणल्या. १९०५ साली विष्णुपंत वारले. त्यानंतर त्यांचे बंधू काशीनाथपंतांनी खाँसाहेबांचा सांभाळ केला. १९२२ साली कुरुंदवाडलाच खाँसाहेबांचा अंत झाला. त्यांच्या गायकीचा ठसा अब्दुल करीम खाँसाहेबांवर उमटला. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी!

सर्कशीच्या मिळकतीतून गुरूच्या घराण्याचा सूर जपला गेला आणि तो आपल्या भागापर्यंत पोहोचला. धंद्यात पैसा अनेकजण मिळवतात. पण मालक झाल्यावरही गुरूचे ऋण न विसरणारे थोडे. आपल्या उत्सवात गाण्याची बैठक भरेल तेव्हा या चाबूकस्वाराचीही आठवण ठेवूया. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. गणपती बाप्पा मोरया!