रक्ताच्या मूलपेशीचा द्रष्टा : अलेक्झांडर मॅक्सिमोव

माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तरीही रक्त आयुष्यभर आटत नाही. मरणाऱ्या पेशींची जागा घेणाऱ्या नव्या पेशी येतात कोठून, या प्रश्नावरून विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील शास्त्रज्ञांत दोन तट पडले होते. या वादात रशियन ऊतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर मॅक्सिमोव ठामपणे एका बाजूस उभे राहिले.

मॅक्सिमोव यांचा जन्म १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. तेथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून १८९६ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ जर्मनीत संशोधन केले. १९०३ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ते त्याच अकादमीत प्राध्यापक झाले.

पॉल एर्लिख यांच्या मते पांढऱ्या पेशींचे दोन स्वतंत्र वंश होते. एक अस्थिमज्जेत वाढणारा, तर दुसरा लसीका ग्रंथींत. प्राण्यांच्या भ्रूणांतील ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना मॅक्सिमोव यांना मात्र निराळेच चित्र दिसले. रक्तातील सर्व पेशींची जननी एकच असून ती लिम्फोसाइटसारखी दिसते, असे त्यांनी १९०९ मध्ये बर्लिन येथे मांडले. या जननीला त्यांनी मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल म्हटले. हा शब्द अर्न्स्ट हेकेल यांनी १८६८ मध्येच वापरला होता. पण रक्ताच्या संदर्भात त्याला आजचा अर्थ मिळवून देण्यात मॅक्सिमोव यांचा वाटा मोठा आहे.

अडचण होती ती पुराव्याची. काचपट्टीवरील रंगवलेली मृत पेशी पुढे काय झाली असती, हे कोणास दाखविता येणार? वाद अनिर्णितच राहिला. दरम्यान रशियात क्रांती झाली. १९२२ मध्ये मॅक्सिमोव कुटुंबीयांसह गोठलेल्या फिनलंडच्या आखातावरून निसटले आणि शिकागो विद्यापीठात दाखल झाले. तेथेच डिसेंबर १९२८ मध्ये, ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा अपुरा राहिलेला ऊतिशास्त्राचा ग्रंथ सहकारी विल्यम ब्लूम यांनी पूर्ण केला.

पुरावा मिळण्यास आणखी तीन दशके लागली. टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक यांनी किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. त्यांच्या प्लीहेवर गाठी उगवल्या. अशी गाठ एकाच पेशीपासून वाढते आणि तिच्यात अनेक प्रकारच्या रक्तपेशी असतात, हे १९६१ ते १९६३ या काळात सिद्ध झाले. मॅक्सिमोव यांच्या मांडणीत एक दुरुस्ती मात्र करावी लागली. ही जननी लिम्फोसाइटसारखी दिसते, पण ती लिम्फोसाइट नव्हे.

मूलपेशींचे इतर प्रकारही पुढे उलगडले. रक्ताची मूलपेशी रक्तच घडविते, तर त्वचेची त्वचा. भ्रूणातील मूलपेशी मात्र शरीरातील कोणतीही पेशी होऊ शकते. मानवी भ्रूणातून ती १९९८ मध्ये वेगळी करण्यात आली. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा तशी क्षमता मिळवून दिली.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. मज्जेसोबत शरीरात जाणाऱ्या थोड्याशा मूलपेशी रुग्णाचे सारे रक्त नव्याने उभे करतात, हाच या उपचाराचा पाया. मायदेश सोडावा लागलेल्या मॅक्सिमोव यांनी पुराव्याआधीच तो ओळखला होता.