इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे

आपल्या बागलाण तालुक्यांतील मुल्हेरचा किल्ला तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या किल्ल्यावर बागुल घराण्याचे राजे राज्य करीत होते. इ. स. १६३८ मध्यें मोगलांच्या फौजेनें बागलाण प्रांत जिंकला आणि तें राज्य संपलें. आज तेथें पडके तट उरले आहेत. परंतु पडके तट राजांचीं नांवें सांगत नाहींत. तीं आपणांस ठाऊक आहेत याचें एक मोठें कारण असें कीं, मुल्हेरच्या नारायणशाह राजाच्या पदरीं असलेल्या रुद्रकवीनें १५९६ सालीं राष्ट्रौढवंशमहाकाव्य नांवाचें संस्कृत काव्य रचिलें, त्याची हस्तलिखित प्रत कोणीतरी सांभाळून ठेविली, आणि १९१७ सालीं तें काव्य बडोदें येथें छापून निघालें. ती प्रत वाळवीनें खाल्ली असती, तर आपल्या तालुक्याच्या इतिहासाचा एक मोठा भाग तिच्याबरोबरच गेला असता.

जुन्या कागदाची ही योग्यता ज्या पुरुषानें साऱ्या महाराष्ट्रास पटवून दिली, ज्यानें त्यापायीं घरदार, पैसा व शरीरसुख यांवर पाणी सोडलें, आणि ज्याचा देह अखेरीस आपल्या शेजारच्या धुळें शहरीं पडला, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

विश्वनाथपंतांचा जन्म १८६३ सालीं, त्या वेळच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांतील वरसई या गांवीं झाला. वडील लहानपणींच वारले. पुढें पुण्यास शिक्षण झालें. त्यांचे वडील बंधु वैजनाथ काशीनाथ हे संस्कृतचे नामांकित पंडित होते. धाकट्याच्या शिक्षणास त्यांचा मोठा आधार होता. विश्वनाथपंत डेक्कन कॉलेजांतून बी. ए. झाले खरे, पण त्यास इतरांपेक्षां पुष्कळच वर्षें लागलीं; कारण नेमलेल्या पुस्तकांपेक्षां न नेमलेल्या पुस्तकांवर त्यांचें अधिक प्रेम होतें. आपल्या शाळा-कॉलेजांतील दिवसांविषयीं त्यांनीं पुढें एक प्रदीर्घ लेख लिहिला. त्यांत शिक्षकांची व शिक्षणपद्धतीची जी झडती घेतली आहे, ती पाहतां हा लेख विद्यार्थ्यांच्या हातीं देण्यापूर्वीं कोणताही हेडमास्तर क्षणभर विचार करील.

त्यांचा विवाह झाला होता. परंतु पत्नी लवकरच निवर्तली आणि त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं. कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें. नंतर उत्तम परकीय ग्रंथ मराठींत आणावे या हेतूनें भाषांतर नांवाचें मासिक काढलें, व त्यांतून प्लेटोच्या रिपब्लिक या ग्रंथाचा अनुवाद प्रसिद्ध केला. मासिक फार दिवस चाललें नाहीं. इतक्यांत वाई येथें त्यांस मराठेशाहींतील जुन्या पत्रांचा एक मोठा संग्रह पाहावयास मिळाला, आणि तेथून त्यांच्या आयुष्यानें जें वळण घेतलें तें कायमचें.

त्या काळीं मराठ्यांचा इतिहास म्हणजे सातारा येथें रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ साहेबांचा १८२६ सालचा इंग्रजी ग्रंथ, आणि त्याच्या जोडीला आपल्या बखरी, अशी स्थिति होती. राजवाड्यांनीं या दोहोंवरही प्रश्न टाकला. बखर बहुधा प्रसंग घडल्यावर कैक वर्षांनीं, ऐकीव गोष्टींवरून लिहिलेली असते. लढाईच्या छावणींतून त्याच दिवशीं धाडलेलें पत्र ही निराळीच वस्तु होय. पानिपतचा संग्राम १७६१ च्या जानेवारींत झाला. त्यापूर्वींच्या दहाअकरा वर्षांतील अस्सल पत्रें वाचतां धान्य किती महाग झालें, पैसा कोठून येईना, कोणता सरदार कोणावर रुसला, हें सारें त्या त्या दिवसाच्या तोंडून कळतें. हीं पत्रें एकत्र करून, विस्तृत प्रस्तावना जोडून, राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें अशा खंडांची संख्या २२ वर गेली.

हें काम कसें चालत असे, तें नीट समजून घेण्याजोगें आहे. जुने कागद मोडी लिपींत लिहिलेले असत, व कापडी रुमालांत बांधून माळ्यावर किंवा कोनाड्यांत टाकलेले असत. पावसाचें पाणी, उंदीर व वाळवी हे त्यांचे नित्याचे शत्रु. याखेरीज घरांतील नवी पिढी मोडी वाचीनाशी झाली, म्हणजे हे रुमाल रद्दींत जात किंवा चुलींत जात. राजवाडे एखाद्या गांवीं गेले म्हणजे जुन्या वाड्याच्या मालकाची गांठ घेत. मालक पुष्कळदां दाद देत नसे. इंग्रजी अमदानींत इनाम कमिशनानें लोकांच्या सनदा तपासून कित्येकांचीं इनामें काढून घेतलीं होतीं. तेव्हांपासून कागद दाखविणें म्हणजे घात, अशी समजूत घरोघर रुजली होती. अशा माणसाची खात्री पटविणें हें मोडी वाचण्याहून अवघड काम होतें. राजवाड्यांचा स्वभाव तर अतिशय तापट! तरीही एका रुमालासाठीं ते पुनःपुन्हां खेपा घालीत. अंगावर साधीं वस्त्रें, जेवण स्वतः शिजविलेलें, आणि परतीच्या वाटेवर पाठीवर कागदांचें ओझें, अशा थाटांत त्यांनीं महाराष्ट्रांतील गांवेंच्या गांवें पालथीं घातलीं.

कागद हातीं आला म्हणजे काम संपलें असें नव्हे. जुन्या पत्रांवर तिथि किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र घातलेला असे, पण वर्ष बहुधा नसेच. मग पत्रांत कोणाचें नांव आलें आहे, कोण जिवंत आहे, फौज कोठें उतरली आहे, अशा खुणांवरून वर्ष ठरवावें लागे. गणितांतील एखादें कूट सोडविण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं, येथें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें.

एकट्यानें हें काम उरकणारें नाहीं, हें त्यांस लवकरच दिसून आलें. ७ जुलै १९१० रोजीं पुणें येथें त्यांनीं सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्यानें भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद मिळवावे, ते जपावे, आणि विद्वानांनीं एकत्र बसून त्यांची छाननी करावी, हा मंडळाचा उद्देश. पुढें मतभेद होऊन राजवाडे मंडळापासून दूर गेले. संस्था काढावी आणि तिच्याशींच भांडावें, हें त्यांच्या आयुष्यांत एकदांच घडलें असें नाहीं. मंडळ मात्र टिकलें, आणि आजही पुण्यास आपलें काम करीत आहे.

याच सुमारास अमेरिकेंतही एक गृहस्थ आपल्या देशाचा जुना काळ वांचविण्याच्या खटपटींत होते. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग हें गांव १६९९ पासून १७८० पर्यंत त्या वसाहतीची राजधानी होतें. पुढें तें मागें पडून मोडकळीस आलें. तेथील धर्मोपदेशक गुडविन यांनीं धनाढ्य रॉकफेलर यांचें मन वळविलें, आणि १९२६ सालीं, म्हणजे राजवाडे वारले त्याच वर्षीं, तें सबंध गांव पूर्ववत् करण्याच्या कामास आरंभ झाला. आज तेथें जुन्या वेषांतील लोहार, विणकर व छापखानेवाले प्रेक्षकांसमोर आपापलें काम करून दाखवितात, आणि मुलें त्यांस प्रश्न विचारून अठराव्या शतकाचा इतिहास शिकतात. परंतु लक्षांत घ्या, गव्हर्नरचा वाडा १७८१ सालींच जळून गेला होता. तो पुन्हां उभारतां आला तो कशाच्या बळावर? जेफर्सन यांनीं काढलेला वाड्याचा नकाशा शिल्लक होता. ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत त्या गांवांतील इमारतींचें चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा १९२९ सालीं हातीं आला. आणि १७८२ सालीं एका फ्रेंचानें केलेला गांवाचा आराखडाही जपून राहिला होता. तेथें पैसा अमाप होता, हें खरें. पण हे तीन जुने अवशेष नसते, तर त्या पैशानें केवळ कल्पनेंतला वाडा उभा राहिला असता. राजवाड्यांच्या पाठीशीं कोणी रॉकफेलर नव्हता. त्यांनीं वाडे बांधले नाहींत. वाड्यांतील कागद तेवढे वांचविले.

त्यांच्या लिखाणांतील सारेंच ग्राह्य आहे असें मात्र कोणी समजूं नये. अस्सल पत्र छापतांना ते जितके काटेकोर, तितकेच त्यावरून सिद्धान्त बांधतांना कित्येकदां उतावळे होत. जातीचा अभिमान त्यांच्या लेखणीस अनेक ठिकाणीं वांकडी वाट दाखवी. त्यांचीं बरींच अनुमानें पुढील संशोधकांनीं टाकून दिलीं आहेत. पण तीं टाकून देण्यासही पुरावा लागतो, आणि तो पुष्कळदां राजवाड्यांनीं स्वतःच गोळा करून ठेविलेला आढळतो. आपण मराठींतच लिहूं हा त्यांचा निर्धार होता. त्यामुळें परप्रांतीं त्यांची कीर्ति उशिरा पसरली. त्याची त्यांनीं कधीं पर्वा केली नाहीं.

इतिहासापुरतीच त्यांची दृष्टि नव्हती. ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळवून त्यांनीं ती छापली, व तिच्या भाषेचें व्याकरण लिहिलें. शहाजीराजांच्या दरबारांतील जयराम पिंड्ये या कवीचें राधामाधवविलासचंपू, आणि उत्तर कोंकणाची हकीकत सांगणारी महिकावतीची बखर, हे दोन ग्रंथ त्यांनीं संपादन केले. शब्दांचीं मुळें शोधण्याचा तर त्यांस अखेरपर्यंत ध्यास होता; गांवांचीं नांवें, आडनांवें, शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द, सर्व कांहीं ते टिपून ठेवीत.

शेवटचे दिवस त्यांनीं धुळें येथें काढले. तेथें शंकर श्रीकृष्ण देव हे समर्थ रामदासांचें वाङ्मय मिळवून जतन करण्याचें काम करीत होते, आणि भास्कर वामन भट यांच्यासारखे इतिहासप्रेमी स्नेही होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं विश्वनाथपंतांचा अंत झाला. मागें द्रव्य नव्हतें. होते ते टिपणांचे व कागदांचे ढीग. दहा दिवसांच्या आंतच, १९२७ च्या जानेवारींत, भट व त्यांचे सहकारी यांनीं धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलें. त्या टिपणांतून धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश असे दोन कोश कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनीं संपादन केले व मंडळानें ते छापले. मंडळाच्या संग्रहांत हस्तलिखितें आहेत, जुन्या मूर्ति व नाणीं आहेत. सटाण्याहून सकाळीं निघालें तर तें सारें पाहून संध्याकाळपर्यंत परत येतां येतें.