किल्ल्यांचा जुडगा

अँजेला कार्टर हे नाव आपल्या कानावर पडतं ते बहुधा 'द ब्लडी चेंबर' या १९७९ च्या कथासंग्रहामुळे. जुन्या परीकथा तिने त्यात नव्याने सांगितल्या. मला त्या कथा खऱ्या कळल्या त्या तिचं आयुष्य वाचल्यावर.

७ मे १९४० ला इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला ती जन्मली. वडील पत्रकार. युद्धाच्या दिवसांत आजीने तिला यॉर्कशायरला नेलं, पुढचं बालपण दक्षिण लंडनमध्ये गेलं. आईची माया अशी की जीव गुदमरावा. मुलगी चांगली मोठी झाली तरी एकटीने न्हाणीघरात जायची मुभा नव्हती. ऑक्सफर्डला शिकायचा विषय निघाला, तर आईवडीलही तिथेच बिऱ्हाड करायच्या गोष्टी बोलू लागले. पोरीने ऑक्सफर्डचा नादच सोडला. क्रॉयडनच्या वर्तमानपत्रात नोकरी धरली आणि १९६० मध्ये, विशीतच, पॉल कार्टरशी लग्न केलं. घरातून सुटायचा हाच एक रस्ता होता. पण तो दुसऱ्या घरात जाऊन संपला.

ब्रिस्टलला संसार करता करता ती विद्यापीठात मध्ययुगीन साहित्य शिकली, कादंबऱ्या लिहू लागली. १९६९ मध्ये तिला सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला. त्याचे पैसे परदेश प्रवासासाठी असतात. ती जपानला गेली आणि नवऱ्याकडे परतलीच नाही. लग्न मोडल्याचं आईला रुचलं नाही. त्याच वर्षाअखेर आई वारली.

१९७७ मध्ये तिने शार्ल पेरोच्या फ्रेंच परीकथांचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात निळ्या दाढीवाल्याची गोष्ट आहे. श्रीमंत नवरा नव्या बायकोच्या हाती सगळ्या किल्ल्या देतो, फक्त एक खोली उघडू नकोस म्हणतो. ती उघडते, आत आधीच्या बायकांची प्रेतं. शेवटी भाऊ येऊन तिला वाचवतात. १६९७ च्या पेरोने बोध काय काढला? बायकांनी फार चौकसपणा करू नये! खून केले नवऱ्याने आणि बोल लागला बायकोच्या उत्सुकतेला.

कार्टरने ही गोष्ट सतरा वर्षांच्या नवरीच्याच तोंडी दिली. समुद्रातला वाडा, भरती आली की वाट बंद. नवऱ्याने गळ्यात घातलेला माणकांचा पट्टा, तोही गळा चिरल्यासारखा दिसणारा. इथली सत्ता आधी मारझोड करत नाही, दागिने देते. किल्लीसुद्धा नवरा मुद्दामच देतो, कारण बायको चुकावी हेच त्याला हवं असतं. आणि मुलगी म्हणजे काही गरीब गाय नाही. गरिबीला कंटाळलेली आहे, त्या वैभवाची तिलाही भुरळ पडली आहे. ही कबुली लेखिका तिच्याकडून घेते, म्हणून मला ती खरी वाटते.

शेवटी भाऊ येत नाहीत, आई येते. मुलीने फोनवर रडत सांगितलेलं असतं की इथले नळ सोन्याचे आहेत. सोन्याच्या नळांसाठी कुणी रडत नाही, हे आईला बरोबर कळतं. ती घोड्यावरून भर पाण्यातून येते आणि जावयाला गोळी घालते.

स्वतःच्या आईशी जे जुळलं नाही, ते कार्टरने इथे कागदावर घडवलं, असं मला वाटतं. आपल्याकडेही सासरहून मुलीचा फोन येतो. ती घर किती मोठं आहे ते सांगते, आपण ऐकून खूश होतो. आवाज कसा होता ते कितीजण ऐकतात? आणि ऐकलाच, तर थोडं जुळवून घे म्हणण्याऐवजी घ्यायला जाणारं माहेर किती जणींच्या नशिबी असतं?

पुढे कार्टरने दुसरा संसार आपल्या मर्जीने मांडला, त्रेचाळिसाव्या वर्षी आई झाली. १६ फेब्रुवारी १९९२ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली, वय अवघं ५१. तिच्या नवरीच्या कपाळावर किल्लीवरच्या रक्ताचा डाग कायमचा राहतो. ती वाचते, पण डाग पुसला जात नाही. पेरोच्या बोधापेक्षा मला हा शेवट जास्त प्रामाणिक वाटतो.