कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

शरीरातील एखादी गाठ साधी आहे की जीवघेणी, हा निर्णय ज्या डॉक्टरवर अवलंबून असतो, त्याला रुग्णाने बहुधा कधी पाहिलेलेही नसते. गाठ काढणाऱ्या शल्यचिकित्सकाचे नाव घरोघरी पोहोचते. त्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ मात्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड राहतो. भारतात या शास्त्राला प्रतिष्ठा आणि दिशा देणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मोठेपण केवळ अचूक निदानात नव्हते. ही गाठ कोणती, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर बहुतेकांचे काम संपत असे. खानोलकरांचे काम तेथे सुरू होई. ती याच माणसाला आणि शरीराच्या नेमक्या याच जागी का झाली, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेले खानोलकर मूळच्या गोमंतकीय मराठी घराण्यातले. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळवली. त्या काळी विलायती पदवी घेऊन परतलेल्या डॉक्टरला मुंबईत खासगी व्यवसायाचा राजमार्ग खुला असे. खानोलकरांनी तो नाकारून अध्यापन पत्करले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन्ही संस्थांत त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले.

तो काळ आजच्या वाचकाला सहज कल्पनेत येणार नाही. पोटाच्या आत काय चालले आहे हे दाखवणारी सोनोग्राफी नव्हती. सीटी स्कॅन तर १९७० च्या दशकात अवतरला. यकृत, जठर, आतडे, मूत्रपिंड यांच्या विकारांचे निदान हाताने पोट चाचपून, रक्त आणि लघवी तपासून, फार तर क्ष-किरणांचा आधार घेऊन करावे लागे. अनेकदा खरे दुखणे पोट उघडल्यावर, आणि कित्येकदा मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनातच उघड होई. डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता की चूक, याचा अंतिम निवाडा विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर होत असे.

कर्करोगाविषयी तर विलक्षण समज प्रचलित होते. हा सुधारलेल्या, श्रीमंत देशांचा रोग असून भारतात तो विरळा आहे, असे अनेकांना वाटे. ज्या देशात बहुसंख्य रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते आणि काढलेल्या गाठी नियमाने तपासल्या जात नव्हत्या, तेथे रोग विरळा वाटला तर नवल नव्हते.

हे चित्र बदलण्यास कारणीभूत ठरली ती टाटा घराण्यातील एक दुःखद घटना. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने परळमध्ये कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती.

शस्त्रक्रिया, रेडियम आणि क्ष-किरण ही त्या वेळची उपचारांची मुख्य साधने. तिन्ही साधने दुधारी होती. रोग नसताना वापरली तर माणूस विनाकारण विद्रूप होई आणि रोग असताना टाळली तर प्राणास मुके. म्हणून उपचारांआधी गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, अटळ होती. तो तुकडा रसायनात टिकवायचा, मेणात बसवायचा, केसापेक्षाही पातळ काप काढून काचपट्टीवर घ्यायचे आणि रंग देऊन पाहायचे. निरोगी पेशी शिस्तीत मांडलेल्या दिसतात. कर्करोगात पेशींची केंद्रके मोठी आणि वेडीवाकडी होतात, विभाजन बेसुमार होते आणि पेशी आपली सीमा ओलांडून खालच्या थरात घुसतात. ही घुसखोरी ओळखणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे मुख्य काम. किती कापायचे आणि कापूनही उपयोग होईल का, हे त्याच्या अहवालावरून ठरे.

एकाच ठिकाणी देशभरातून रुग्ण येऊ लागल्यावर खानोलकरांना त्या काचपट्ट्यांपलीकडचे काही दिसू लागले. पाश्चात्त्य ग्रंथांत तोंडाच्या कर्करोगाला जे स्थान होते, त्याहून कितीतरी अधिक तो मुंबईत आढळत होता. त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा घेतला आणि तो १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. रुग्ण कोणत्या प्रांताचा, कोणत्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, या बाबींना त्यांनी गाठीच्या वर्णनाइतकेच महत्त्व दिले. ज्या नोंदी एरवी कारकुनी समजल्या जात, त्यांतच रोगाचा उगम शोधता येईल, हे त्यांनी ओळखले होते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई या सहकाऱ्यासह त्यांनी भारतातील तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. तिन्ही प्रकार लोकांच्या सवयींशी जोडलेले होते. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून तयार केलेली खैनी खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत ठेवण्याची रीत होती. गाठ नेमकी त्याच खाचेत उद्भवत होती. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात ठेवून ओढली जाई. तेथे टाळूला कर्करोग होत होता. तिसरा प्रकार तंबाखूशी संबंधित नव्हता. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचेला जखम होई आणि त्या जुनाट जखमेचे पुढे कर्करोगात रूपांतर होई. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने होणारा कर्करोग त्यापूर्वीच ज्ञात होता. खानोलकरांनी त्या सूत्राला व्यापक अर्थ दिला. रोगाची जागा ही सवयीची जागा असते आणि सवय बदलता येते. म्हणजेच हा कर्करोग टाळता येतो.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेले अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाले, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. मात्र रुग्णालयात येणाऱ्यांचे निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे, याची खानोलकरांना जाणीव होती. तंबाखू खाणारे लाखो लोक निरोगी असतात, हा आक्षेप सहज घेता येण्याजोगा होता. त्याला उत्तर देण्यासाठी तुलना हवी होती. लालचंद संघवी आणि राव या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी कर्करुग्णांच्या सवयींची तुलना कर्करोग नसलेल्यांच्या सवयींशी केली. हा अभ्यास १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या पोकळीतील, तर ओढण्याचा संबंध जिभेच्या मुळाशी आणि घशात होणाऱ्या कर्करोगाशी असल्याचे त्यातून दिसले.

सवयीखेरीज आनुवंशिकतेचा वाटा किती, हाही प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला नाही. मुंबईसारख्या शहरात एकाच गल्लीत राहणारे, पण पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच विवाह करणारे अनेक समाज होते. खानोलकर आणि संघवी यांनी अशा सहा समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या पायाभूत अभ्यासांत त्याची गणना होते.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. माणसे निवडण्याची त्यांची दृष्टी येथे दिसली. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली होती. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून परतलेल्या रणदिवे यांनी या केंद्रात पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. विज्ञानात स्त्रियांना क्वचितच स्थान मिळण्याच्या त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

कुष्ठरोग हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय. त्वचेवर फारसे काही दिसण्याआधीच कुष्ठरोगाचे जंतू सूक्ष्म मज्जातंतूंत कसे शिरतात, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. १९५० च्या दशकात त्यांच्या केंद्रात रुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वाढवण्यात आला. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर तज्ज्ञांत वाद झाला आणि तो पूर्णपणे मिटला नाही. तरी त्या जंतूपासून बनवलेली लस पुढे दक्षिण भारतातील चाचण्यांत वापरली गेली. अणुऊर्जा आयोगाच्या वैद्यकीय सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते आणि अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

१९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान त्यांना मिळाला आणि पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या मागे आलेल्यांनी काम पुढे नेले. १९६३ मध्ये मुंबईत डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यामुळे रुग्णालयातील रुग्णांऐवजी संपूर्ण शहरातील रोगाचे प्रमाण मोजता येऊ लागले. १९६६ मध्ये संशोधन केंद्र आणि टाटा रुग्णालय एका छत्राखाली आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले.

त्यांनी दाखवलेली वाट किती खरी होती, हे पाहण्यासाठी विदर्भाकडे वळावे लागते. वर्ध्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. परकराची नाडी किंवा लुगडे कमरेला घट्ट बांधण्याच्या अनेक वर्षांच्या सवयीतून त्यांना त्वचेचा कर्करोग झाला होता. खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराबाबत नोंदवले तेच हे, फक्त वस्त्र वेगळे.

तंबाखूची गोष्ट त्याहून गंभीर आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा विदर्भात तरुणांच्या खिशात सर्रास असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पानाला १९८५ मध्ये आणि नुसत्या सुपारीलाही २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्याच्या गावात गालाच्या आत पांढरा चट्टा उमटलेला किंवा तोंड पुरते न उघडणारा माणूस दुखू लागेपर्यंत डॉक्टरकडे जात नाही. दुखू लागते तेव्हा यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर आणि शेवटी मुंबई असा प्रवास सुरू होतो. त्या प्रवासात जमीन गहाण पडते, मजुरी बुडते आणि रोग मात्र पुढे सरकलेला असतो.

या माणसाच्या गालातील तुकडा आजही मेणात बसवला जातो, कापला जातो, रंगवला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जातो. उपचार खानोलकरांच्या काळापेक्षा कितीतरी प्रगत झाले आहेत आणि वेळेवर आलेला रुग्ण बरा होण्याची आशाही मोठी आहे. पण तोंडाचा आरसा हाती घेऊन गाल, हिरडी आणि जीभ पाहण्याची तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात, कोणत्याही महागड्या यंत्राविना, काही मिनिटांत होऊ शकते. ती नियमाने झाली, तर गावकऱ्याला मुंबई गाठण्याची वेळच येणार नाही. रोग कोठे होतो आणि का होतो, हे खानोलकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. आता ते परळहून महागावपर्यंत पोहोचवायचे आहे.